एक चेक-इन, एक केबिन

अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत सामानाचा एक काटा असतो. हुकवाला, मुठीत मावणारा, डिजिटल. वर्षातून एकदा इंडियाला जाताना बाहेर निघतो आणि बाकी वर्षभर पासपोर्टच्या फाइलखाली पडून असतो. बॅग लटकवायची, दोन्ही हातांनी उचलायची, श्वास रोखून आकडा थांबायची वाट बघायची, २३.६ आला की बदामाचं एक पाकीट बाहेर, परत उचलायची. आमच्याकडे उचलायचं काम माझं आणि कुठलं पाकीट काढायचं ते ठरवायचं काम बायकोचं.

यंदा एप्रिलमधे हा काटा मी तिला न विचारता गॅरेजमधे नेला आणि त्याला कचऱ्याची काळी पिशवी अडकवली. आकडा आला ११.४. पिशवीत होता फोम. थर्माकोलचा चुलतभाऊ म्हणा, हातात घेतला तर घेतल्यासारखा वाटायलाच नको असा पदार्थ. आणि तसल्या अजून दोन पिशव्या मोजायच्या बाकी होत्या.

नीट पहिल्यापासून सांगतो.

मी मिशिगनमधे राहतो. या राज्यात ११,००० च्या वर तळी आहेत, शिवाय पाच महासरोवरांपैकी चार याला लागून. इथे राहून पाण्यात न उतरणं म्हणजे पंढरपुरात राहून देवळात न जाण्यासारखं. पहिली बारा वर्षं मी तसाच राहिलो. मग तीन वर्षांपूर्वी एका माणसाच्या ड्राइव्हवेमधे, गवत कापायचं मशीन आणि लहान मुलांच्या सायकली यांच्यामधे, लाल-पांढरी एक वस्तू उभी दिसली. कावासाकीची जेटस्की, जेएस ४४०, १९८७ ची. सहाशे डॉलर, गंजलेला ट्रेलर फुकट. मालक म्हणाला, चालू होते, गेल्याच वर्षी चालवली. चालू खरंच झाली, आणि दोन-स्ट्रोकचा तो निळा धूर आणि आवाज आला तसा मी थेट १९९४ सालात गेलो, आमच्या शेजारच्या काकांच्या राजदूतच्या मागच्या सीटवर. व्यवहार तिथेच संपला होता, पैसे द्यायचे तेवढे राहिले होते.

आता जेटस्की म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येते ती मालवणला किंवा गोव्याला बीचवर फिरवतात ती, स्कूटरसारखी, बसायची, मागे दोघं घेऊन. ही तसली नाही. हिला सीटच नसते. मागे एक खोलगट ट्रे, त्यात उभं राहायचं, पुढून बिजागरीवर एक लांब दांडा वर येतो आणि त्याला हँडल. रुंदी दोन फूट, लांबी सात फुटांच्या आत. वेग असेल तर ती सायकलसारखी सरळ राहते, वेग नसेल तर पाण्यात टाकलेला ओंडका, पाय ठेवला की कुशीवर.

खरं तर मूळची जेटस्की हीच. जेटस्की हे कावासाकीचं नाव आहे, आपल्याकडे झेरॉक्सचं झालं तसं सगळ्यांचंच होऊन बसलं. ॲरिझोनाच्या वाळवंटातला क्लेटन जेकबसन म्हणून एक मोटोक्रॉसवाला होता, त्याला साठच्या दशकात वाटलं की गाडीवरून जमिनीवर आपटण्यापेक्षा पाण्यात पडलेलं काय वाईट. आधी बॉम्बार्डिए या कॅनडातल्या कंपनीबरोबर काम केलं, त्यातून १९६८ मधे बसायची सी-डू आली, ती काही फार चालली नाही. मग कावासाकीनं त्याची उभं राहायची कल्पना घेतली आणि १९७३ मधे बाजारात आणली. म्हणजे या वाहनाच्या जन्मातच पडणं गृहीत धरलेलं आहे. हे मला नंतर कळलं, आधी कळलं असतं तर जरा बरं वाटलं असतं.

कारण दोन उन्हाळे मी फक्त पडलो.

सुरुवात कशी करायची तर, पाण्यात आडवं तरंगायचं, कोपरं ट्रेच्या कडांवर, थ्रॉटल दाबायचा, स्की तुम्हाला ओढायला लागते, छाती वर, मग गुडघे वर, मग वेग पकडला की तिचं बूड पाण्यावर उचललं जातं आणि मग एकेक पाय करून उभं राहायचं. व्हिडिओत अकरा वर्षांची मुलगी हे चार सेकंदांत करते. माझं गाडं गुडघ्यांपाशी अडायचं. मी ट्रेमधे गुडघे टेकले की स्कीचं नाक आभाळाकडे आणि मागचा भाग पाण्याखाली, इंजिन बिचारं ओरडतंय, आम्ही दोघं नांगर ओढणाऱ्या बैलासारखे तसेच चाललोय, आणि मग एका बाजूला धप्प.

आता यात दोष कोणाचा? माझा, अर्थातच. मी १९७९ चा. (मिशिगनचा नियम असा की १९७८ नंतर जन्मलेल्याला असलं वाहन चालवायला बोटिंगच्या सुरक्षेची परीक्षा द्यावी लागते. एका वर्षानं हुकलं, दिली.) वजन ८७. मंडळाच्या पिकनिकला लोक काठावर खुर्च्या टाकून बघायला बसायचे, भेळेची प्लेट हातात घेऊन, आणि एकानं तर पडण्याचा हिशोब ठेवला होता, सतरा. वहिनी-मंडळींपैकी एक प्रेमानं म्हणाल्या, भाऊजी, आधी भात सोडा. मी सोडला. खरंच सोडला हो. अख्खा हिवाळा दोन भाकऱ्या आणि कोशिंबीर, वरणभाताच्या वासानं रविवारी कासावीस व्हायचो, पण मार्चपर्यंत ८३ वर आलो. चार किलो. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी पाण्यात उतरलो आणि तस्साच पडलो, फक्त चार किलोनं हलका.

मग पायात ताकद नाही म्हणून बैठका. मग तोल नाही म्हणून त्या अर्ध्या चेंडूवर उभं राहणं. स्कीबद्दल शंकाच आली नाही, कारण तिचं इंजिन उत्तम होतं, आणि माणूस मशीनचं आरोग्य इंजिनावरून ओळखतो.

शंका आली ती शेजारच्या आजोबांना. सत्तरीतला माणूस, सगळा जन्म मोटारींच्या कारखान्यात गेलेला, हातांचे पंजे फावड्याएवढे. या मार्चमधे ट्रेलरचं चाक बदलायचं म्हणून स्की खाली उतरवायला ते मदतीला आले. मी पुढून धरली, ते मागून. उचलली, लगेच खाली ठेवली, कंबरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, तरुणपणी आम्ही दोघं मित्र ही पिकअपमधे हातांनी चढवायचो, ही एवढी जड नव्हती. मी म्हटलं, तेव्हा तुम्ही पंचविशीत असाल. ते म्हणाले, मी म्हातारा झालोय ते मला माहितीये, पण मी फक्त मागच्या बाजूनं म्हातारा झालेलो नाही, पुढून उचलून बघ. मी जागा बदलून बघितलं. त्यांचं खरं होतं. कोरडी असताना ही साधारण १२० किलोच्या आसपास भरायला हवी, आणि मागचा भाग तर रिकाम्या डब्यासारखा उचलायला हवा, सगळं लोखंड पुढे आहे. आमची मागे सिमेंटची गोणी ठेवल्यासारखी.

त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधे ३१ वर्षं होते, त्यांना जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल मत असतं. जेटस्कीबद्दल त्यांचं आधीचं मत 'भंगारात घाल' असं होतं. पण 'मागून जड' म्हटल्यावर चष्मा चढवून पुढे सरकले. म्हणाले, वाजवून बघ की. मी म्हटलं, काय वाजवून? म्हणाले, अरे आईबरोबर माठ आणायला जायचास ना, ती काय करायची? स्क्रूड्रायव्हर उलटा धर आणि मुठीनं वाजव, पुढून मागे ये. मी फोन ट्रेलरच्या मडगार्डवर ठेवला आणि वाजवत गेलो. पुढे टक, टक, टक. मधे टक. ट्रेच्या सुरुवातीला ठप. मागे भद्. डावीकडे भद्, उजवीकडे भद्, कोपऱ्यात एका जागी परत टक. पुण्यातून आवाज आला, भिजलंय ते आतून.

आत काय असतं ते सांगतो. या स्कीचं अंग म्हणजे फायबरग्लासच्या दोन वाट्या, वरची आणि खालची, कडेला एकमेकींना चिकटवलेल्या. मधे जी पोकळी उरते, विशेषतः पाय ठेवायच्या ट्रेच्या खाली, पंपाच्या (हाच पाणी मागे फेकून स्कीला पुढे ढकलतो) बोगद्याच्या दोन्ही बाजूंना, आणि पुढे नाकाशी, तिथे कारखान्यात पॉलीयुरेथेनचा फोम ओतलेला असतो. दोन द्रव एकत्र करतात, ते उकळल्यासारखे फुगतात, प्रत्येक फटीत घुसतात आणि मिनिटांत घट्ट होतात. काम दोन. स्कीला भोक पडलं, आत पाणी भरलं, तरी ती बुडू नये. आणि तुम्ही ट्रेवर उड्या मारल्या तरी पातळ फायबरग्लास लपकू नये. एक घनफूट असा फोम एक किलोही भरत नाही, आणि तेवढ्याच जागेतलं पाणी २८ किलो भरतं. या फरकावरच त्याचं तरंगवणं चालतं, आणि तो उलटला की बुडवणंही त्याच हिशोबानं.

सगळे म्हणतात की हा बंद पेशींचा फोम आहे, प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र, पाणी शिरतच नाही. नवा असताना खरंय. पण बुडबुड्याची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. कुठून तरी थोडं पाणी आत येतं, इंजिनाच्या थरथरीनं काही भिंती फुटतात, तिथे पाणी बसतं. मग मिशिगनचा हिवाळा. पाण्याचा बर्फ होताना ते नऊ टक्क्यांनी फुगतं, शेजारच्या भिंती तडकतात, एप्रिलमधे वितळून पाणी पुढच्या खोलीत जातं, डिसेंबरमधे परत तेच. असे पस्तीसहून जास्त हिवाळे या स्कीनं काढलेत. आणि एकदा आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नाही, कारण बाहेरचं कवच धड आहे. वरून बघणाऱ्याला ती चकचकीतच दिसते.

मी आधी सोपा उपाय केला, म्हणजे आळशी उपाय. बुडाला सगळ्यात खालच्या जागी दोन भोकं पाडली आणि खाली बादली ठेवली. सकाळी बादलीत जेमतेम दीड लिटर, चहाच्या रंगाचं. आनंद झाला. दुसऱ्या दिवशी अर्धा कप. तिसऱ्या दिवशी नुसती ओल. मग हीटर लावला, पंखा लावला, दोन आठवडे गॅरेजमधे भट्टी, विजेचं बिल बघून बायको काहीच बोलली नाही, ते जास्त टोचलं. परत वाजवून बघितलं, भद्. त्याचं असं आहे की स्पंज वाळतो कारण त्याच्या भोकांतून वारा जातो. हा स्पंज नाही. ही लाखो बंद मडकी आहेत, प्रत्येकाला एक केसाएवढी चीर. त्यातून पाणी शिरायला तीस वर्षं लागली, बाहेर पडायला पंख्यापुढे दोन आठवडे कसे पुरतील.

मग कापायचं ठरवलं. पंप उतरवला, खालची प्लेट उतरवली, बोल्ट एवढे गंजलेले की एकावर दोन दिवस तेल सोडत बसलो. ट्रेवरचं रबरी मॅट हीटगननं गरम करून खरवडून काढलं, आणि त्याच्याखाली गुन्हेगार सापडला. आधीच्या कोणीतरी पाय अडकवायचे पट्टे लावले होते, मग काढले होते, आणि त्याची चार भोकं तशीच ठेवून वर मॅट चिकटवलं होतं. सिलंटचा ठिपका नाही. चार भोकं, प्रत्येक माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान. ट्रेमधे तर पाणी कायमच असतं, म्हणजे ही अभिषेकाची गळती दिवसभर चालू.

ट्रे कापायला हात धजत नव्हता. शाबूत वस्तू कापायची हिंमत वेगळीच लागते. कडेनं दीड इंच पट्टी सोडून मास्किंग टेप लावला, म्हणजे नंतर झाकण परत बसवायला ओठ राहतो, आणि थरथरणाऱ्या पात्याचं ते छोटं कटर असतं त्यानं सुरुवात केली. पातं फार खोल जाऊ द्यायचं नाही, कारण इंजिनाकडून मागे पंपाकडे स्टिअरिंगची केबल आणि पाण्याच्या नळ्या जातात. चष्मा, मास्क, पांढरा कागदी डगला, सगळं होतं, फक्त डगल्याची बाही आणि हातमोजा यांच्यामधे दोन बोटं मनगट उघडं राहिलं. फायबरग्लासची धूळ म्हणजे शुद्ध खाजकुयली. चार दिवस त्या दोन बोटांनी मला झोपू दिलं नाही. गरम पाण्यानं धुवायचं नाही, आधी गार पाण्यानं, हे चौथ्या दिवशी कळलं.

झाकण उचकटलं तेव्हा पहिल्यांदा वास आला. चिखल, पेट्रोल, दोन-स्ट्रोकचं ऑइल आणि फुलदाणीतलं आठवडाभराचं पाणी, असं काहीतरी एकत्र. फोम मुळात साईच्या रंगाचा असतो. हा गुळाच्या रंगाचा होता, आणि त्या चार भोकांच्या खाली बरोबर चार गडद शंकू, उलटे धरलेले, जसजसं खाली जावं तसे रुंद होत एकमेकांत मिसळलेले. कुठून आलं, कसं पसरलं, सगळा पंचनामा समोर लिहिलेला. एक तुकडा तोडून मुठीत दाबला तर कोपरापर्यंत ओघळ आला. बायको दारात उभी होती. म्हणाली, दहीवड्याचे वडे पिळतोयस का? अगदी तेच. पाण्यात भिजवलेला वडा तळहातांत दाबला की जसं पाणी सुटतं आणि वडा तसाच राहतो, तसं.

पण वडा निघतो अलगद, हा चिकटलेला. यासाठी खास अवजार काही नाही, सगळेच लोक स्वयंपाकघर आणि बाग लुटतात. मी पाव कापायची जुनी सुरी वापरली, कुंड्यांची खुरपी, जिप्समच्या भिंती कापायची टोकदार करवत, आणि पंपाच्या बोगद्याच्या बाजूंना जिथे हात पोचत नाही तिथे लांब ड्रिलचं पातं घालून आधी चाळण करायची आणि मग लोखंडी पट्टीनं उकरायचं. ॲसिटोननं विरघळतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ॲसिटोन थर्माकोल खातो, याला काही करत नाही. तीन शनिवार-रविवार गेले. उकिडवं बसून गुडघ्यांची वाट. पण एक सांगतो, कंटाळा आला नाही. एकेक ढेकळ निघून पिशवीत पडताना जो 'पच्च' आवाज यायचा तो फार समाधानाचा होता. ऑफिसात मी दिवसभर जे काम करतो त्यातलं काहीच कधी कुठे पडल्याचा आवाज येत नाही.

मागे उजव्या कोपऱ्यात, जिथे 'टक' वाजलं होतं, तिथे वीतभर फोम कोरडा निघाला. १९८७ मधे ओतला तसाच. साईचा रंग, अंगठ्यानं दाबला की बत्ताशासारखा करकरला. मी त्याचा एक चौकोन कापला, शेजारच्या ओल्या फोमचा तेवढाच चौकोन कापला, आणि दोन्ही बादलीत सोडले. कोरडा पाण्यावर असा बसला की खालून ओला झाला की नाही शंका यावी. ओला एक क्षण पृष्ठभागाशी थबकला, मग आडवा झाला आणि हळूहळू तळाला गेला. मुलाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, कूल, आणि गेला. मी मात्र बराच वेळ बादलीत बघत उभा होतो.

पिशव्या तिथेच भरल्या आणि काटा आणला. ११.४, ९.८, ८.१. एकूण २९.३. यात फोमचं स्वतःचं वजन दीडेक किलो असेल, बाकी सगळं पाणी. मिशिगनचं तळ्याचं पाणी, काही रेगनच्या काळातलं. गॅरेजमधे उभ्या उभ्या मी भाषांतर केलं, कारण काट्यावरचा आकडा मला दुसऱ्या कुठल्या एककात कळतच नाही. एक पूर्ण चेक-इन बॅग आणि वर एक केबिन बॅग. दोन उन्हाळे मी पाठीमागे एका माणसाचं इंडिया-ट्रिपचं सामान बांधून पाण्यावर उभं राहायला बघत होतो, आणि वर भात सोडला होता.

आत जाऊन बायकोला आकडा सांगितला. तिनं काटा बघितला, माझे हात बघितले, काट्याचा पट्टा बघितला आणि म्हणाली, हा धुतल्याशिवाय कपाटात ठेवायचा नाही. मग म्हणाली, कुकर लावू का? त्या रात्री मी तीन वेळा भात घेतला.

आता आत काय भरायचं यावर या जगात दोन पंथ आहेत, स्मार्त आणि भागवत. एक म्हणतो काही भरू नका, पोकळ ठेवा, हलकी राहील. हा मूर्खपणा आहे असं माझं स्वच्छ मत. एक दगड लागला की इंजिनासकट तळाला, आणि पोकळ ट्रे पायाखाली डबा वाजल्यासारखा लपकतो. दुसऱ्यांतले काही मुलांच्या पोहायच्या त्या लांब फोमच्या नळ्या ठासून भरतात, ते वाईट नाही, भिजल्या तर उपसता तरी येतात. मी जुन्याच वाटेनं गेलो, दोन डब्यांतला ओतायचा फोम आणला, सम प्रमाणात मिसळायचा. तोही झाकण बसवायच्या आधी, उघड्यावर, म्हणजे फुगून आला तर वर येईल, करवतीनं सपाट करता येईल. बंद पोकळीत भोकातून ओतणारे लोक आहेत, आणि फोमनं हलचं, म्हणजे स्कीच्या अंगाचं, पोट फुगवलेले त्यांचे फोटोही आहेत.

पहिला घाणा बिघडला. मे महिन्याची सुरुवात, गॅरेजमधे १२ अंश, मी कप भरून मिसळलं, ओतलं, आणि ते बसलंच. थोडं फुगलं, दाट, जड, बिनजाळीचं, पेढ्यासारखं. उरलेल्या डब्यांकडे बघत बसलो होतो तेव्हा आतून हाक आली की ओव्हनला हात लावू नकोस, इडलीचं पीठ ठेवलंय. आणि ट्यूब पेटली. इथे हिवाळ्यात पीठ बाहेर ठेवलं तर तीन दिवस ढिम्म हलत नाही, ओव्हनमधे नुसता दिवा लावून ठेवलं तर रात्रीत झाकण ढकलून बाहेर येतं. याचंही तेच. वीस-बावीस अंश ऊब पाहिजे, डब्यांना, आणि ज्यात ओतायचं त्या हललासुद्धा. पुढच्या रविवारी हीटर आधीच लावून ठेवला, डबे कोमट पाण्यात बसवले. तीस सेकंद ढवळलं, ओतलं, आणि ते असं उठलं, जिवंत असल्यासारखं, सळसळत, वाफ टाकत, कोपरे शोधत. थोडं थोडंच ओतायचं, कारण एकदम जास्त ओतलं तर स्वतःच्याच उष्णतेनं आतून करपतं. आणि मास्क गॅस अडवणारा पाहिजे, धुळीचा चालत नाही, यातला एक घटक फुफ्फुसांना फार वाईट. यात मी काटकसर केली नाही. काटकसर हातमोज्यांत केली, आणि एक फुगा माझ्या डाव्या चपलेवर आणि ड्राइव्हवेवर कायमचा स्थायिक झालाय.

झाकण परत बसवणं त्या मानानं कोरडं काम. घासायचं, कापड, इपॉक्सी, परत घासायचं. जुन्या कावासाकींचं फायबरग्लास साच्यात दाबून केलेलं असतं, साधं पॉलिएस्टर रेझिन त्याला नीट धरत नाही, म्हणून इपॉक्सीच. ती चार भोकं मी स्वतःच्या हातानं बुजवली, गरजेपेक्षा तिप्पट माल घालून. आणि बुडाला सगळ्यात खाली, जिथे आधी भोकं पाडली होती, तिथे एक पितळी बूच बसवलं. दर सप्टेंबरला उघडून बघायचं. आजोबांना ते बूच फार आवडलं. बाकी कशावर काही बोलले नाहीत, बूच मात्र दोनदा उघडून लावून बघितलं.

कोणी विचारतात, एवढा खर्च आणि तीन महिने, नवीनच का नाही घेतली? पहिलं म्हणजे किंमत. दुसरं, कावासाकीनं दोन-स्ट्रोकवाली उभी स्की २०११ नंतर बंद केली आणि २०१७ मधे जी नवी आणली तिच्यात १५०० सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन आहे, वजन २५० किलो. म्हणजे माझी भिजलेली असतानाही त्याच्या पुष्कळ खाली होती. मला वजन काढल्याचा एवढा आनंद झाला असताना मी पैसे देऊन ते परत कशाला आणू.

जूनच्या शेवटच्या शनिवारी पाण्यात उतरवली. ट्रेलरवरून घसरली आणि तरंगली, आणि नुसतं तरंगणं बघूनच कळलं. आधी ट्रेची मागची कड पाण्याच्या बरोबरीनं असायची, आता पाच बोटं वर, कोरडी. मी आडवा झालो, कोपरं टेकवली, थ्रॉटल. छाती वर. गुडघे वर. नाक थोडं उचललं, खाली आलं, आणि पाण्याचा आवाजच बदलला, खळखळ होती तिचा एकदम सपसप झाला. बूड उचललं गेलं होतं. मी डावा पाय टाकला, उजवा टाकला, आणि उभा राहिलो. काठावर आजोबा, बायको, खुर्ची, थर्मास. मी हात वर करून दाखवायला गेलो.

पडलो. अर्थातच पडलो. त्या दिवशी नऊ वेळा पडलो, त्यामुळे दोष सगळा पाण्याचा होता असंही म्हणता येत नाही. पण या जुन्या स्कींची एक खोड आहे, माणूस पडला की थ्रॉटल सुटतो, इंजिन मंद होतं आणि स्की हळू हळू गोल वळत राहते, लांब जात नाही. आधीची दोन वर्षं ती एवढी जड होती की वळता वळता एका कुशीवर कलून बंदच पडायची आणि मला पोहत जायला लागायचं. आता मी पाण्यात उभा पाय मारत होतो, लाइफजॅकेट कानापर्यंत आलेलं, आणि ती बुडबुड करत, मोठा वळसा घेऊन, गोठ्याकडे निघालेल्या गाईसारखी निवांत माझ्याकडे येत होती. मिशिगनमधे अंधार पडायच्या आधीच ही वाहनं बंद करावी लागतात. शेवटच्या मिनिटापर्यंत पाण्यात होतो.

डिसेंबरमधे पुण्याला निघायची बांधाबांध सुरू झाली. काटा मी धुतला होता, दोनदा, पण पट्ट्याच्या शिवणीत तो वास बसलाय, फुलदाणीचा. बायकोनं नाक मुरडून तो माझ्या हातात दिला. पहिली बॅग लटकवली, उचलली, आकडा थांबला, २३.४.

"काढ बदाम," ती म्हणाली.

मी म्हटलं, चारशे ग्रॅम चिखलाचे धर.